एकेका लेअरवर कॅमेरा रॉ फिल्टर: आधी काय, नंतर काय

आकाश एका फोटोतलं, समोरची व्यक्ती दुसऱ्या फोटोतली, पायाखालची जमीन तिसऱ्या. तिघांचा उजेड वेगळा, रंगाची झाक वेगळी, धुरकटपणाही वेगळा. अशा वेळी संपूर्ण चित्रावर एकच सुधारणा चालवून भागत नाही. एक सुधारावं तर दुसरं बिघडतं. फोटोशॉपमधल्या कॅमेरा रॉचे, म्हणजे उजेड आणि रंग सुधारायच्या खिडकीचे, ओळखीचे स्लायडर त्या त्या लेअरपुरतेच (एकावर एक रचलेल्या चित्रांच्या थरांपैकी एकापुरतेच) वापरणं हाच त्यावरचा सरळ मार्ग. फोटोशॉपमध्ये ही सोय २०१३ साली सीसी आवृत्तीबरोबर आली, सीएस६ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत ती नाही. फिल्टर मेन्यूत 'कॅमेरा रॉ फिल्टर' या नावाने ती सापडते आणि शॉर्टकट आहे कंट्रोल + शिफ्ट + ए. मॅक वापरणाऱ्यांनी या लेखात कंट्रोलच्या जागी कमांड आणि ऑल्टच्या जागी ऑप्शन समजावं.

फिल्टर लावायला दोन क्लिक पुरतात. घोळ होतो तो क्रमाचा. मास्क (लेअरचा नको तो भाग लपवणारा पडदा) आधी की स्मार्ट ऑब्जेक्ट (लेअरचं मूळ आत जपून ठेवणारं कवच) आधी? डाग कधी पुसायचे? आकार कधी बदलायचा? या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीतून निघतात: हा फिल्टर फक्त निवडलेल्या लेअरचे पिक्सेल बघतो. खालचा लेअर, वरची अॅडजस्टमेंट, ब्लेंड मोड (लेअर खालच्या चित्रात कसा मिसळतो ते), यातलं त्याला काहीही दिसत नाही.

नावात रॉ आहे, डेटात नाही

रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेला, प्रक्रिया न झालेला डेटा) उघडताना येणारी खिडकी आणि या फिल्टरची खिडकी जवळपास सारखी दिसते. त्यामुळे दोन्हींकडून सारख्याच अपेक्षा ठेवल्या जातात, आणि तिथेच फसगत होते. फिल्टरच्या हातात येतात ते आधीच तयार झालेले पिक्सेल. व्हाइट बॅलन्स ठरून गेलेला असतो, म्हणून टेंपरेचरचा स्लायडर केल्व्हिनमध्ये न दिसता उणे १०० ते अधिक १०० असा दिसतो. ढग पांढरेफटक जळून गेले असतील तर हायलाइट्स कितीही खाली ओढा, तिथे तपशील येणार नाही, फक्त राखाडी थर येईल. कॅमेऱ्याची प्रोफाइलं आणि लेन्सची प्रोफाइल-दुरुस्ती इथे मिळत नाही. क्रॉपही नाही.

म्हणून मूळ रॉ फाइल हाताशी असेल तर व्हाइट बॅलन्स, लेन्सची दुरुस्ती, जळके भाग सावरणं आणि नॉइज काढणं ही कामं रॉ पातळीवरच उरकून घ्यावीत. लेअरवरचा फिल्टर जुळवाजुळवीसाठी ठेवावा.

दुसरी तयारी बिट डेप्थची, म्हणजे फाइलमध्ये रंगाच्या किती पायऱ्या मावतात त्याची. इमेज मेन्यूतल्या 'मोड'मध्ये जाऊन फाइल १६-बिट आहे का ते पाहा. ८-बिट फाइलमध्ये प्रत्येक चॅनलला २५६ पायऱ्या असतात, तर फोटोशॉपच्या १६-बिटमध्ये ३२ हजारांहून जास्त. शॅडोज अधिक ६० किंवा डीहेझ (धुरकटपणा घालवणारा स्लायडर) अधिक ४० असा जोर लावला की ८-बिटमध्ये निळ्या आकाशात पट्टे उमटतात. मात्र ८-बिट जेपेगला नंतर १६-बिट केल्याने हरवलेल्या पायऱ्या परत येत नाहीत. पुढच्या सुधारणांत आणखी तुटणार नाहीत, इतकाच फायदा.

आधी स्मार्ट ऑब्जेक्ट

साध्या पिक्सेल लेअरवर फिल्टर लावला की तो कायमचा. ओके दाबल्यावर पुन्हा उघडाल तर सगळे स्लायडर शून्यावर, आणि पुढचा बदल आधीच्या बदलावर चढणार. म्हणून लेअरवर राइट क्लिक करून 'कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट' आधी. थंबनेलच्या कोपऱ्यात छोटं चिन्ह दिसलं की काम झालं. आता फिल्टर लावा. लेअरखाली 'स्मार्ट फिल्टर्स' अशी ओळ उघडेल आणि तिच्याखाली फिल्टरचं नाव येईल. त्या नावावर डबल क्लिक केलं की सगळे स्लायडर जिथे ठेवले होते तिथेच सापडतात.

या ओळीत चार गोष्टी आहेत आणि चारही वापरायच्या आहेत. डोळ्याच्या चिन्हाने फिल्टर तात्पुरता बंद होतो. नावावरच्या डबल क्लिकने सेटिंग उघडते. ऑल्ट धरून नाव दुसऱ्या स्मार्ट ऑब्जेक्टवर ओढलं की तीच सेटिंग तिथे कॉपी होते. एकाच ठिकाणच्या चार व्यक्ती चार लेअरवर असतील तर हा सर्वांत झटपट उपाय. चौथी गोष्ट म्हणजे नावाच्या उजवीकडचं स्लायडरसारखं चिन्ह. त्यावर डबल क्लिक केल्यावर फक्त त्या फिल्टरची ओपॅसिटी आणि ब्लेंड मोड बदलता येतो. बहुतेक जण तिथवर पोहोचतच नाहीत, आणि खरी कामाची गोष्ट तिथेच आहे. डीहेझ वाढवलं की धुकं कमी होतं, पण रंगही भडक होतात. मोड 'ल्युमिनॉसिटी' केला की कॉन्ट्रास्ट राहतो आणि रंग मूळपदावर येतात. उलट, फक्त रंगाची झाक बदलायची असेल तर मोड 'कलर' ठेवावा, म्हणजे उजेड-सावली जागची हलत नाही. सुधारणा जास्त झाली असं वाटलं तर दहा स्लायडर मागे घेत बसू नका, ओपॅसिटी ७० वर आणा.

स्मार्ट ऑब्जेक्ट करताना लेअरचा ब्लेंड मोड आणि क्लिपिंग (लेअरला खालच्या लेअरच्या आकारात बांधणं) रूपांतरानंतर एकदा तपासावं. अनेक लेअर एकत्र निवडून रूपांतर केलं तर बाहेरचा मोड 'नॉर्मल' होतो. आतले मल्टिप्लाय, स्क्रीन वगैरे मोड आतल्या आतच चालतात, खालच्या चित्राशी त्यांचा संबंध तुटतो. रूपांतर केलं आणि चित्र एकदम बदललं, अशी जी तक्रार असते तिचं कारण बहुतेकदा हेच असतं.

मास्क कुठे हवा

समजा, व्यक्ती मास्कने कातरून ठेवली आहे आणि आता त्या लेअरचं स्मार्ट ऑब्जेक्ट केलं. मास्क थेट आत गेला. बाहेरच्या फिल्टरला आता दिसतो तो फक्त कातरलेला आकार. क्लॅरिटी, टेक्श्चर आणि डीहेझ प्रत्येक पिक्सेलची तुलना आसपासच्या पिक्सेलशी करतात. कडेला आसपास काहीच नसलं की तिथला हिशेब चुकतो आणि केसांभोवती, खांद्यांवर उजळ किंवा काळपट कड दिसू लागते. शिवाय मास्कमध्ये किरकोळ दुरुस्ती करायची तरी दर वेळी आतली फाइल उघडावी लागते.

फिल्टरला पूर्ण फोटो दिसला पाहिजे आणि मास्क बाहेर राहिला पाहिजे. नवं काम असेल तर सोपं आहे, आधी रूपांतर, मग मास्क. मास्क आधीच करून बसला असाल तर असं करा:

१. वर एक रिकामा लेअर घ्या.
२. मूळ लेअरवरचं मास्कचं थंबनेल धरून त्या रिकाम्या लेअरवर ओढा. ऑल्ट न धरता ओढलं की मास्क तिकडे हलतो, मूळ लेअर पुन्हा अख्खा दिसू लागतो.
३. मूळ लेअरचं स्मार्ट ऑब्जेक्ट करा.
४. मास्क परत त्यावर ओढा आणि रिकामा लेअर काढून टाका.
५. काही सिलेक्शन उरलं असेल तर कंट्रोल + डी ने सोडा, मग फिल्टर लावा.

पाचवी पायरी गाळू नका. सिलेक्शन चालू असताना फिल्टर लावला की फिल्टरचा मास्क त्याच आकाराचा बनतो. हे मुद्दाम केलं तर सोयीचं आहे, पण नकळत झालं तर सुधारणा अर्ध्याच भागात का दिसते ते शोधत बसावं लागतं.

लेअर मास्क आणि फिल्टर मास्क यांत गल्लत नको. लेअरच्या थंबनेलशेजारी असतो तो लेअर मास्क, तो लेअरच लपवतो. 'स्मार्ट फिल्टर्स' या ओळीजवळचं पांढरं चौकट म्हणजे फिल्टर मास्क, तो फक्त फिल्टरचा परिणाम लपवतो. चेहऱ्यावर क्लॅरिटी नको पण कपड्यांवर हवी असेल, तर फिल्टर मास्कवर क्लिक करून काळ्या ब्रशने चेहरा रंगवायचा. परिणाम थोड्याच जागी हवा असेल तर उलट करा. मास्क निवडून कंट्रोल + आय ने काळा करायचा आणि पांढऱ्या ब्रशने हवी ती जागा उघडायची. ब्रशचा फ्लो १० ते १५ टक्के ठेवला तर सांधा दिसत नाही. प्रॉपर्टीज पॅनलमधलं 'फेदर' नंतरही बदलता येतं, त्यामुळे कड आधीच मऊ करून ठेवायची गरज नाही. मास्क कुठे काय रंगवलाय ते बघायला ऑल्ट-क्लिक, क्षणभर बंद करायला शिफ्ट-क्लिक.

एक अडचण मात्र आहे. एका स्मार्ट ऑब्जेक्टवर कितीही फिल्टर लावले तरी फिल्टर मास्क सगळ्यांत मिळून एकच असतो. चेहऱ्याला एक सेटिंग आणि कपड्यांना दुसरी हवी असेल तर दोन वाटा आहेत. फिल्टर लावलेल्या स्मार्ट ऑब्जेक्टचं पुन्हा स्मार्ट ऑब्जेक्ट करून बाहेरच्यावर दुसरा फिल्टर आणि दुसरा मास्क लावता येतो. नाहीतर कॅमेरा रॉच्या खिडकीतलंच 'मास्किंग' वापरायचं. तिथे सब्जेक्ट, आकाश, ब्रश, ग्रेडियंट असे स्वतंत्र मास्क करून प्रत्येकाचे स्लायडर वेगळे ठेवता येतात. दुसरी वाट फाइलला हलकी पडते. पण हे आतले मास्क बाहेरच्या पॅनलमध्ये दिसत नाहीत. फाइल दुसऱ्या कुणाकडे जाणार असेल तर लेअरच्या नावातच तशी नोंद केलेली बरी.

खिडकीत दिसतं ते एकट्या लेअरचं

फिल्टर उघडला की पडद्यावर फक्त तो लेअर येतो. मागचा फोटो नाही, वरचे कर्व्ह्ज नाहीत. लेअरचा मोड स्क्रीन किंवा ओव्हरले असेल तर खिडकीतलं चित्र आणि ओके दाबल्यावरचं चित्र यांचा ताळमेळच लागत नाही. एकावर एक फिल्टर असतील आणि खालचा उघडला, तर वरच्यांचा परिणामही संपादन संपेपर्यंत दिसत नाही. डोळ्यांवर भरवसा ठेवून इथे जुळवाजुळव करणं म्हणजे अंधारात तीर मारणं आहे.

त्यापेक्षा आकडे जवळचे. फिल्टर उघडण्याआधी एफ८ ने इन्फो पॅनल आणा आणि मागच्या फोटोतल्या सर्वांत गडद सावलीवर कर्सर नेऊन आरजीबी (लाल, हिरवा, निळा) आकडे टिपा. समजा ते २४, २७, ३५ आले. व्यक्तीच्या लेअरमधली गडद जागा ६, ६, ५ असेल, तर व्यक्ती चिकटवल्यासारखी दिसणारच. मागे हवेचा धुरकटपणा आहे, पुढे नाही. आता फिल्टर उघडा, हिस्टोग्रामपाशी (उजेडाच्या आलेखापाशी) कर्सरखालचे आकडे दिसतात ते बघत ब्लॅक्स वर न्या आणि कलर ग्रेडिंगमध्ये शॅडोजला निळसर झाक द्या. तंतोतंत जुळवायची गरज नसते. चार-पाच आकड्यांच्या फरकापर्यंत आलं की डोळा मानतो. उजळ भागांचंही असंच. पण तिथे पांढरी वस्तू पांढऱ्याशीच ताडून बघा, चेहऱ्याची तुलना ढगाशी करू नका.

बाहेर आल्यावर पडताळणीसाठी सगळ्यांच्या वर एक तात्पुरता 'ब्लॅक अँड व्हाइट' अॅडजस्टमेंट लेअर टाका. रंग गेला की उजेडातली तफावत चटकन कळते. मग तो बंद करून 'ह्यू/सॅच्युरेशन'चा लेअर टाका आणि सॅच्युरेशन अधिक ६०-७० करा. आता रंगाची विजोड झाक ओरडून सांगेल. लेअर पिवळट दिसला तर फिल्टर उघडून टेंपरेचर पाच-दहाने खाली आणा, ओके करा, बघा, लागलं तर पुन्हा. शेवटी दोन्ही तात्पुरते लेअर काढायला विसरू नका. फाइल देताना ते बंद अवस्थेत तसेच राहून जाणं ही नेहमीची चूक आहे.

काही स्लायडर लेअरवर वेगळे वागतात

शार्पनिंग: रॉ उघडताना शार्पनिंग ४० आणि कलर नॉइज रिडक्शन २५ असं मुळातच लागलेलं असतं. फिल्टरमध्ये दोन्ही शून्यावर असतात. ते शून्य पाहून पुन्हा ४० करू नका, तो मसाला एकदा पडलेला आहे. लागलंच तर ऑल्ट धरून 'मास्किंग'चा स्लायडर ओढा. काळ्या भागात शार्पनिंग होत नाही, पांढऱ्यात होतं. त्वचा काळी होईपर्यंत ओढायचा.

आकार: शार्पनिंगची त्रिज्या पिक्सेलमध्ये मोजली जाते आणि फिल्टर लेअरच्या बदललेल्या आकारावर नव्याने चालतो. म्हणून लेअर अर्धा केला की तीच सेटिंग जास्त करकरीत वाटते. आधी आकार आणि जागा पक्की करा, मग फिल्टर. ट्रान्सफॉर्म करताना फिल्टर तात्पुरते बंद होतील अशी सूचना येते, तिने घाबरू नये, एंटर दाबल्यावर ते परत येतात. पण नंतर टेक्श्चर आणि शार्पनिंग १०० टक्के झूमवर एकदा पाहाच.

व्हिनेटिंग (कडा काळवंडवणं): ते कातरलेल्या आकाराला धरून येत नाही, चौकटीच्या हिशेबाने येतं. एकेका लेअरवर त्याचा उपयोग जवळपास नाही. सगळं जुळल्यावर एकदाच लावायचं.

ग्रेन: याला लेअरवर जागा आहे, पण एकाच कारणासाठी. मागचा फोटो दाणेदार आणि पुढची व्यक्ती गुळगुळीत असेल तर व्यक्तीच्या लेअरला ग्रेन द्यावा. १५ ते २५ पासून सुरुवात करून २०० टक्के झूमवर ताडून बघायचं. स्मार्ट फिल्टर खालून वर चालतात, त्यामुळे लेअरवर गॉसियन ब्लरही असेल तर ग्रेनचा फिल्टर यादीत त्याच्या वर हवा. खाली राहिला तर ब्लर दाणे पुसून टाकतो.

एकाच रॉ फाइलचे दोन अवतार

मूळ फोटो रॉ असेल आणि आकाश व जमीन यांच्यात उजेडाची मोठी दरी असेल तर फिल्टरपेक्षा सरस वाट आहे. रॉ फाइल उघडल्यावर शिफ्ट धरा, 'ओपन'चं 'ओपन ऑब्जेक्ट' होतं, ते दाबा. फोटोशॉपमध्ये जो लेअर येतो त्याच्या आत रॉ फाइलच असते. थंबनेलवर डबल क्लिक केलं की केल्व्हिनसकट सगळी मूळ सेटिंग उघडते.

आता त्या लेअरवर राइट क्लिक करून 'न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी' निवडा. कंट्रोल + जे नको. कंट्रोल + जे ने झालेल्या प्रतीचं आतलं पोट एकच असतं. एकीत एक्स्पोजर उतरवलं की दुसरीतही उतरतं, आणि जमीन आपोआप का काळी झाली ते कळत नाही. 'व्हाया कॉपी'ने दोन्ही स्वतंत्र होतात. एक आकाशासाठी, एक जमिनीसाठी, मध्ये मास्क. गंमत अशी की बाहेरून लावलेले स्मार्ट फिल्टर मात्र कंट्रोल + जे च्या प्रतींतही वेगवेगळे ठेवता येतात, कारण ते पोटात नसतात, अंगावर असतात. फक्त कॅमेरा रॉ फिल्टरच वेगळा हवा असेल तर तीच प्रत पुरते.

दोन्ही अवतारांत लेन्सची दुरुस्ती, जॉमेट्री आणि क्रॉप तंतोतंत सारखं ठेवा. एकीत लेन्स प्रोफाइल चालू आणि दुसरीत बंद असेल तर कडेची झाडं, इमारती काही पिक्सेलनी सरकतात आणि मास्कच्या सांध्यावर दुहेरी कड दिसते. मास्क मऊ करून ती जात नाही.

डाग पुसायचे कुठे

स्मार्ट ऑब्जेक्टवर ब्रश किंवा क्लोन स्टँप थेट चालत नाही. म्हणून वर रिकामा लेअर घेऊन 'करंट अँड बिलो' (नमुना या आणि खालच्या लेअरमधून घ्यायचा) ठेवून हीलिंग करायची सवय असते. साध्या कामात ते ठीक. इथे मात्र पंचाईत होते. वरच्या लेअरवर उचललेले ठिगळ त्या क्षणाच्या रंगाचे असतात. उद्या खालचा फिल्टर उघडून टेंपरेचर बदललं की त्वचा थंड होते आणि ठिगळं उबदार राहतात. चेहऱ्यावर पुळ्या नाहीत, पण पुळ्यांच्या जागी डाग दिसतात.

म्हणून रिटचिंग स्मार्ट ऑब्जेक्टच्या पोटात करायचं. थंबनेलवर डबल क्लिक करून आतली फाइल उघडा, तिथे रिकाम्या लेअरवर हीलिंग करा, कंट्रोल + एस करा, ती खिडकी बंद करा. 'सेव्ह अॅज' नको, तसं केलं तर वेगळी फाइल तयार होते आणि बाहेर काहीच बदलत नाही. आतलं पोट रॉ असेल तर डबल क्लिकने कॅमेरा रॉ उघडतं. अशा वेळी त्या लेअरचंच आणखी एकदा स्मार्ट ऑब्जेक्ट करा, मग आत रॉच्या वर हीलिंगचा लेअर ठेवता येतो आणि फिल्टर बाहेरच्या कवचावर बसतो.

मेन्यू फिकट दिसतोय?

एकाहून जास्त लेअर निवडलेले आहेत का ते पाहा. ग्रुप निवडला असेल तर आधी त्याचं स्मार्ट ऑब्जेक्ट करावं लागतं. फाइल सीएमवायके मोडमध्ये असेल तरी हा फिल्टर मिळत नाही. सगळं काम आरजीबीत करा आणि छपाईसाठी शेवटी सपाट केलेली प्रत सीएमवायकेत न्या. मजकुराच्या लेअरवर फिल्टर निवडला तर रास्टराइज (साध्या पिक्सेलमध्ये बदलणं) की स्मार्ट ऑब्जेक्ट असं विचारलं जातं. स्मार्ट ऑब्जेक्टच निवडा, मजकूर बदलता येतो. अॅडजस्टमेंट लेअरला स्वतःचे पिक्सेल नसतात, त्यावर हा फिल्टर लावण्यात अर्थ नाही.

फाइल जड होणार, हे धरून चाला. प्रत्येक स्मार्ट ऑब्जेक्ट आपलं मूळ पोटात घेऊन फिरतो. पीएसडीची मर्यादा २ जीबी आहे, त्यापुढे पीएसबी हा मोठ्या फाइलींचा फॉरमॅट निवडावा लागतो. काम सुरू असताना मशीन रेंगाळायला लागलं तर ज्या लेअरचं काम झालंय त्यांच्या फिल्टरचे डोळे बंद ठेवा आणि अखेरीस उघडा. लेअर रास्टराइज करून हलकं करायचा मोह झाला तर आधी त्याची एक प्रत लपवून ठेवा, कारण रास्टराइज केल्यावर स्लायडर गेले ते गेले.